एका हाताने ओढायची प्रेस

आर्डिथ स्कोगेनच्या हातचं काडतूस बिटररूट खोऱ्यात कुणीही डोळे मिटून बंदुकीत घालावं, असा तिचा लौकिक होता. नेम डेलमारने धरायचा आणि काडतूस आर्डिथने भरायचं, अशी त्या नवराबायकोच्या संसाराची वाटणी लग्नापासूनचीच. लोक चेष्टेने म्हणत, "एल्क हरीण मारते ती आर्डिथ. डेल नुसता बंदूक वाहून नेतो." डेलमार हसायचा. त्याला ते खोटंही वाटत नसे.

काम तसं सोपं दिसतं. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून आणायची, दांड्याने ओढायच्या प्रेसमध्ये दाबून पुन्हा आकाराला आणायची, बुडाची उडालेली टोपी काढून ठिणगी पाडणारी नवी बसवायची, तोलून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. पण आर्डिथ बाकावर बसली की घरात रेडिओ बंद व्हायचा, बोलणं बंद व्हायचं. शेजारचं कुणी आलंच, तर डेलमार त्याला अंगणातच थोपवून धरायचा. "आत दारूचं काम चाललंय," एवढं म्हटलं की पुरे.

बर्फ वितळायच्या दिवसांत तिला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय फरपटू लागला. जीभ तेवढी शाबूत राहिली. पण नंतर ती कशालाच हात लावीना. जेवायला दिलं तर जेवायची, खिडकीशी बसवलं तर बसायची. डेलमारने बाग दाखवली, कुत्र्याची पिल्लं आणून दाखवली. "छान आहेत," ती म्हणायची, आणि पुन्हा डोंगराकडे बघत राहायची.

उन्हाळा सरत आला तेव्हा एके दिवशी न्याहारीला ती आपण होऊन म्हणाली, "यंदा काडतुसं कोण भरणार?"

डेलमारच्या हातातला कप तसाच राहिला. "कोण म्हणजे? तूच."

"कशाने? बाबांच्या प्रेसला दोन हात लागतात."

ते खरंच होतं. तिच्या वडिलांची ती जुनी बिडाची प्रेस झिजून इतकी सैल झाली होती, की हात सोडला की दांडा आपसूक खाली यायचा. एका हाताने दांडा वर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पुंगळी आत सरकवायची.

"मग दुसरी आणू," डेलमार म्हणाला.

"म्हाताऱ्या, तुला प्रेसमधलं काय कळतं?"

इतक्या महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदाच टोमणा मारला होता. डेलमारने त्याच सकाळी ट्रक काढला.

बंदुकीच्या दुकानाचा मालक वेंडल त्याचा जुना दोस्त. त्याने आधी एक मोठं फिरतं यंत्र पुढे केलं. "हे बघ डेल, दांडा ओढला की दरवेळी एक तयार काडतूस बाहेर. आर्डिथचा वेळ वाचेल."

"वेळ वाचवून ती करणार काय? मला एका ओढीला एकच काम करणारी साधी दाखव."

"हट्टी माणूस! बरं, त्या बघ, फळीवर सगळ्या बसवलेल्याच आहेत."

डेलमारने डावा हात पाठीमागे नेऊन पट्ट्यात खोचला, स्टूल ओढून त्यावर बसला आणि एका हाताने एकेक प्रेस ओढून बघू लागला. दुकानातली दोन पोरं खुसखुसली. "आजोबा, हात चोरीला गेला काय?" डेलमारने मान वर केली नाही. वेंडलने मात्र त्या पोरांकडे असं बघितलं, की ती काडतुसं बघायच्या निमित्ताने पलीकडे सरकली.

पहिली प्रेस हलक्या धातूची. पुंगळी अडली की फळीसकट डुलायची, आणि दुसरा हात टेकवल्याशिवाय ती स्थिर राहीना. दुसरी समोरून पार उघडी, हात घालायला सोपी, पण जोर लावला की तिचा जबडा किंचित फाकत होता. आर्डिथला ते पहिल्याच ओढीत कळलं असतं. तिसरी अस्सल बिडाची, सगळ्यांत दणकट. पण तिचा दांडा इतका लांब, की बसल्या माणसाला अर्धं उठावं लागे. चौथीशी तो बराच वेळ बसला. मध्यम, बिडाचीच. दांडा वर नेऊन सोडला की तिथेच थांबायचा. तोंड जरा उजवीकडे वळलेलं, म्हणजे त्याच हाताने दांडा सोडून पुंगळी आत ठेवता येत होती. जुन्या टोप्या जमिनीवर न सांडता नळीतून डब्यात पडत होत्या. आर्डिथला आता वाकता येत नव्हतं.

"हीच," तो म्हणाला.

"तिला सांग, पहिला डबा माझ्यासाठी भर म्हणावं," वेंडल म्हणाला आणि उगाचच नाक शिंकरू लागला.

आर्डिथने दांडा दोनतीनदा वरखाली केला. मग हात सोडून तो थांबतो का ते बघितलं. "बरी आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'बरी' म्हणजे फार झालं. डेलमार स्वयंपाकघरात गेला आणि काहीच काम नसताना नळ सोडून उभा राहिला.

पुढचे काही दिवस घरात पुन्हा ती जुनी शांतता आली. तो दाराशी बसून नुसतं ऐकायचा. दांडा वर, दांडा खाली. मधेच एक शिवी. एकदा तर ती गुणगुणली.

दारू भरायचा दिवस आला. पुंगळ्या लाकडी पाटाच्या भोकांत उभ्या केलेल्या. आर्डिथने तोलून, नरसाळ्याने, एका हाताने दारू घातली. त्या घरचा एक नियम होता. गोळ्या बसवण्याआधी दोघांनीही बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. दारू पडली नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढच्या बाराला नळीच फुटते.

"भरल्या सगळ्या. मी बघितल्यात," ती म्हणाली. "ये, तू बघ."

डेलमारने बॅटरी मारली. उजवीकडच्या पुंगळ्यांत दारू अगदी सारख्या उंचीला, तिच्या हातची. डावीकडच्या रांगा कोरड्या ठणठणीत. तळाचं पितळ चमकत होतं.

त्याला पहिल्यांदा वाटलं, ती अजून भरते आहे. मग त्याला तिच्या ताटात रोज डावीकडे उरणारे बटाटे आठवले, ज्यांवरून तो 'खात नाहीस' म्हणून कुरकुरत असे. डॉक्टर म्हणाले होते, तिची डावी बाजू तिच्यासाठी नसल्यासारखीच आहे, गाडी चालवू देऊ नका. त्याने गाडीची किल्ली लपवली होती. एवढाच अर्थ त्याला कळला होता.

"काय झालं?" आर्डिथने विचारलं.

त्या बाकाशी त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "आर्डी, काही राहिल्यात."

"कुठं? दाखव."

त्याने बोट ठेवलं. तिने बघितलं, आणि तिला ते दिसलं नाही. "थट्टा करू नकोस, डेल."

मग त्याने तो पाट हळूच अर्धा फिरवला.

तिने एका कोरड्या पुंगळीच्या तोंडावर बोट ठेवलं, मग शेजारच्या.

"आपण असाच फिरवत जाऊ," डेलमार घाईघाईने म्हणाला. "दरवेळी मी फिरवीन. काय अवघड आहे त्यात? मी इथंच बसेन, हलणार नाही—"

"आणि मीही बघितलं होतं, डेल." तिचा आवाज अगदी साधा होता. "बॅटरी मारून. सगळ्या भरलेल्या दिसल्या. ज्याला रिकामी पुंगळी भरलेली दिसते त्याने या बाकावर बसू नये. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

डेलमारने बॅटरी विझवली.

"तुझ्या तोंडाशी नळी फुटेल," ती म्हणाली.

तिने पाट पुन्हा फिरवला आणि एकेक पुंगळी उचलून दारू डब्यात परत ओतली. तो मदतीला पुढे आला तर तिने कोपराने त्याला बाजूला सारलं. एक पुंगळी मात्र कडेला राहिली, डावीकडे. ती त्याने तिच्या नकळत ओतली.

शिकारीचा मोसम उघडला त्या दिवशी तिनेच त्याला जायला लावलं. त्याने दुकानातून काडतुसांचा तयार डबा आणला होता आणि ट्रकमध्येच ठेवला होता. तो बूट चढवत असताना ती खिडकीपाशी बसून म्हणाली, "कुठली गोळी घेतलीस?"

त्याने सांगितली.

"जड आहे. लांबवर खाली लागेल. जरा वर धर."

डेलमारला ते माहीत होतं. जन्मभर तो त्याच डोंगरावर नेम धरत आला होता.

"किती वर?" त्याने विचारलं, आणि तिने सगळं नीट सांगून होईपर्यंत तो एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला.