अर्विदच्या गाडीचा फ्लोट

मार्लिसने नवऱ्याची, अर्विदची, जुनी पिकअप ओरिनच्या गॅरेजसमोर उभी केली, तेव्हा त्याला जाऊन सात आठवडे झाले होते. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि बाई दोन्ही काचा खाली करून गाडी चालवत आली होती.

"शेरीफ म्हणतो, धुराचा पाईप सडला होता, धूर गाडीत शिरला," ती म्हणाली. "अरे, पाईप तर निम्म्या गावाचे सडलेत. मग माझाच माणूस का गेला? तू बघून सांग."

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात ओरिन चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. अर्विद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, ऊब घ्यायला म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत बसला, आणि बसल्या जागीच संपला. लोकांनी दार उघडलं तेव्हा हीटर चालूच होता.

ओरिनने इंजिन सुरू केलं. मागून काळाकुट्ट धूर निघाला, पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरले. प्लग काढले, तर आठही काजळीने माखलेले. एअर फिल्टर स्वच्छ. चोक ठीक, तो नोव्हेंबरमध्ये त्यानेच बसवला होता. शेवटी त्याने कार्बोरेटर खोलला. आतला पितळी फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि पुरेसं भरलं की वाट बंद करतो. ओरिनने तो कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळलं. भेग पडून फ्लोट जड झाला होता, बुडत होता. इंजिनात नको तेवढं पेट्रोल जात होतं. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा धूर साध्या धुराहून कितीतरी विषारी.

तो स्टुलावर बसला. नोव्हेंबरमध्ये चोक बसवल्यावर अर्विद म्हणाला होता, "गाडी अजून धूर सोडतेय रे."

"म्हातारी झालीय, तुझ्यासारखीच. बर्फ वितळलं की बघू," असं म्हणून ओरिन हरणाच्या शिकारीला निघून गेला होता. बंदूक आधीच गाडीत ठेवलेली होती.

पाईपचंच कारण सांगितलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. त्याने मार्लिसला सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," ती म्हणाली. हातमोजे घालायला तिला बराच वेळ लागला. "गाडी राहू दे इथंच. मला दाखवू नकोस परत."

"घरी सोडतो तुला."

"नको."

ती बर्फातून चालत गेली. पुढे चर्चमध्येही ती त्याच्याशी बोलली नाही.

त्यानंतर कुठलीही गाडी आली, की ओरिन आधी तिच्याखाली झोपून पाईप तपासायचा.

"तेल बदलायला आलोय रे बाबा, तिची सोयरीक जुळवायला नाही!" लोक चिडवायचे.

तो खालूनच म्हणायचा, "थांब जरा."