कापलेली सहा मिनिटं

चंपाआक्कांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. लिहिण्याची सवय नाही, पण अडचण ती नाही. ज्या माणसाशी आपण लबाडी केली, त्याच्याबद्दल प्रेमाने कुठल्या तोंडाने लिहायचं, ही आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. न लिहून राहवत नाही.

निपाणीत आमच्या भिंतीला लागून आक्कांचं घर. तंबाखू पिकवणारं जैन कुटुंब. माझी आई विड्या वळायची. रेडिओ आक्कांकडेच होता. आई सांगते, फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमाआधी आक्का पाय धुऊन, वेणी घालून, धुतलेली साडी नेसून रेडिओसमोर बसायच्या. सासू चिडवायची, "लग्नाला निघालीस काय गं?" आक्का म्हणायच्या, "नाव घेणार हाईत माझं. हितं दिवसभर मी सून न्हायतर वैनी. तितं चंपाबाई म्हणत्यात."

फर्माईशीचं मराठी पोस्टकार्ड सांगली केंद्राला जायचं, कानडी धारवाडला. दोन्ही त्या स्वतः लिहायच्या. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायकांची नावंही कार्डात घालायच्या. "जागा हाय तर मोकळी कशाला सोडायची?" त्यामुळे शाळेच्या पटावर कधीच न आलेलं माझ्या आईचं नाव एकदा रेडिओवर आलं. ते दिवस सीमेच्या भांडणाचे. कुणीतरी टोचून विचारायचं, "आक्का, तुमी नक्की कुणीकडच्या?" त्या म्हणायच्या, "काटा फिरवला की गाव बदलतंय. मी हाय तितंच बसलेली असती."

धारवाडच्या कार्यक्रमात त्यांच्या नावाच्या मागेपुढे नेहमी एक नाव यायचं, बैलहोंगल तालुक्यातल्या गंगव्वाचं. दोघींची गाण्यांची आवड एकच. एकदा आक्कांनी आपल्या कार्डात गंगव्वाचं नाव घातलं. पुढच्या महिन्यात गंगव्वाच्या कार्डात आक्कांचं नाव आलं. तेव्हापासून दोघी तशाच बोलत राहिल्या, फक्त नावांनी. निवेदक गंगव्वाचा नुसता तालुका वाचायचा आणि आक्कांचं नुसतं निपाणी, पत्ता कुणाचाच नाही, म्हणून पत्र घालायची सोय नव्हती. पुढे गल्लीत टीव्ही आले, छपरावरचा अँटेना कुणीकडे वळवायचा यावरून भांडणं लागली, आणि पोस्टकार्डं संपली. गंगव्वाचं नावही यायचं थांबलं.

बेळगावात आमच्या कॉलेजचं छोटं रेडिओ केंद्र आहे. रविवारी सकाळी अर्धा तास आम्हा मराठी मुलांना मिळतो. आपल्या भागात रेडिओ आणि टीव्ही कसा आला, यावर मी कार्यक्रम करायचं ठरवलं आणि दसऱ्याच्या सुट्टीत आक्कांसमोर फोन ठेवला. त्या भरभरून बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "आता जरा तुझा फोन हिकडं सरकीव. गंगव्वाला सांगायचंय." आणि सहा मिनिटं कानडीत बोलल्या. मालक गेले, गुडघे गेले, ते गाणं अजून पाठ आहे. मग फोनवर वाकून म्हणाल्या, "नानु निप्पाणी चंपाक्का. इन्नू अदीनि. नी अदियेनु?" म्हणजे, मी अजून आहे, तू आहेस का?

ती सहा मिनिटं मी कापली. कापायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. हॉस्टेलमधली मुलं हसतील, मराठीच्या कार्यक्रमात कानडी कशाला म्हणतील, एवढीच भीती. कार्यक्रम सगळ्यांना आवडला. सरांनी वर्गात उभं करून कौतुक केलं आणि मी उभा राहिलो.

निपाणीपर्यंत आमचं केंद्र पोचत नाही. आईच्या मोबाईलवर ॲपमधून लागतं. दिवाळीला घरी गेलो तर आक्का दारातच भेटल्या.

"झ्याक झालं रं. पर माझं मागलं कुठं गेलं?"

"वेळ संपला, आक्का. पुढच्या भागात हाय."

"असू दे की. मला काय घाई हाय?"

पुढचा भाग नव्हताच. आई फोनवर म्हणायची, "आक्का आल्यात बग ऐकायला." मी विषय बदलायचो. एकदा म्हणालो, मशीन बिघडलंय. पुढच्या रविवारी आक्कांनी निरोप धाडला, "मशीन दुरुस्त झालं का इचार. पोराला वरडू नका म्हणावं कुणी."

शिमग्याच्या सुमारास आई फोनवर थेट बोलली. "म्हातारी दर ऐतवारी न्हाऊन येती आन् हात हलवत जाती. तू लावणार हाईस का न्हाईस? खरं सांग." त्या रविवारी मी ती सहा मिनिटं जशीच्या तशी लावली. कुणीही हसलं नाही.

दुपारी केंद्रावर फोन आला. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून एक गृहस्थ कानडीत बोलत होते. "मी गंगव्वाचा मुलगा. अव्वा आमच्याकडेच असायची. तुमचं स्टेशन तिला रोज लागायचं."

मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, "त्यांना फोन द्या ना."

ते म्हणाले, "दसऱ्यानंतर तुम्ही एक कार्यक्रम लावलात. अव्वाला मराठी येत नव्हतं. 'निप्पाणी, चंपाक्का' एवढंच तिला कळलं. निवडायला घेतलेली भाजी तिने बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, अव्वा, निपाणीत अशा किती चंपाक्का असतील. ती म्हणाली, माझं नाव घेतल्याशिवाय ती उठणार नाही. आज राहिलं असेल, पुढच्या वेळी घेईल. मग दर रविवारी ऐकत बसायची."

"आणि आता?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या आधीच्या रविवारीही बसली होती," ते म्हणाले. "मंगळवारी गेली."