नेमसिंग ऐकायला शिकला

नेमसिंगानं कुणाचं बोलणं पुरं ऐकून घेतल्याचं नेरजवळच्या त्या तांड्यात कुणाला आठवत नव्हतं. समोरच्यानं तोंड उघडलं की हा पुढचं सांगून मोकळा. बैठकीत मधे बोलेल त्याची बाजू पडते, ही तांड्याची रीत. म्हणून चुलतभाऊ शंकरसिंगानं शेताची वाट अडवली आणि त्यावर बैठक बसली, तेव्हा नेमसिंग मधेच शिव्या देत उठला आणि हरला.

वाटेचा राग होताच, पण खरी आग निराळी होती. ज्या काकानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याची मयत शंकरसिंगानं, काकाच्या सख्ख्या मुलानं, नेमसिंगाला न कळवता उरकली होती. नेमसिंग त्या दिवशी कापूस घेऊन नेरला गेलेला. परतला तेव्हा राख उरली होती. याचा सूड उगवल्याशिवाय मरायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं.

आणि बैठकीत शंकरसिंगाला हरवून सूड घ्यायचा, म्हणून तो ऐकायला शिकला. रोज जेवताना बायकोला, रामीबाईला, बोलू द्यायचं आणि आपण दात आवळून बसायचं. पहिल्याच घासाला ठसका लागला. रामीबाई मात्र खूश.

"तुमचा सूड असाच चालू द्या," ती म्हणाली. "मले बरं वाटून राह्यलं."

पुन्हा बैठक भरली. नेमसिंग गप्प. कुणी अडवत नाही म्हटल्यावर शंकरसिंग वाहवत गेला. वाट कधी नव्हतीच म्हणता म्हणता गडी बापाच्या मरणावर आला.

"त्याच वाटेनं नेलं बापाले! अन् हा खांदा द्याले आला नाही. सकाळी सांगाले गेलतो याच्या दारी. 'भिया, बाप...' एवढंच बोललो, तं म्हणे, बैल मागाले आला असशीन, आज नाही भेटत, जाय!"

वाट होती, हे त्याच्याच तोंडून निघालं. तांड्याच्या नायकानं, बैठकीच्या प्रमुखानं, तिथल्या तिथं वाट नेमसिंगाला दिली. लोक पाठ थोपटू लागले. नेमसिंगाला मात्र ती सकाळ लख्ख आठवली: जुंपलेली गाडी, दारात उभा शंकरसिंग. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भिया," तो कसाबसा म्हणाला, "काकानं जाताना मले हाक मारली काय?"

शंकरसिंगानं दुपट्टा खांद्यावर टाकला.

"मारली. अन् काय म्हणे, ते तुले या जन्मात सांगत नाही."