पुलावरचा बोकड

बाबांना पहिला झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलण्यातला एक शब्द सोडून बाकी सगळे शब्द गेले. उरलेला शब्द होता ‘बरोबर’. सगळी नोकरी त्यांनी गणित शिकवण्यात काढली होती. दिवसातून शंभरदा तोंडात येणारा तो शब्द बहुतेक झटक्यालाही काढता आला नसावा.

“पाणी पाहिजे का?”

“बरोबर.”

“पाय दुखते का?”

“बरोबर.”

कधी त्याचा अर्थ हो असायचा, कधी नाही असायचा. आम्ही चुकीचं ओळखलं की ते डोळे मिटून घ्यायचे. आई म्हणायची, “इतकं शिकलेलं माणूस आन् मले समजून नाही राह्यलं त्याहिले काय पाहिजे ते.” आणि पदराने तोंड पुसून स्वयंपाकघरात जायची.

मी लोणारच्या एका शाळेत शिकवते. त्या उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली होती. साडेअकराला घरी यायचे, जेवायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत बाबांजवळ बसायचे. बसून करायचं काय, हा प्रश्न होता. पेपर वाचून दाखवला तर त्यांचं लक्ष लागायचं नाही. टीव्हीच्या आवाजाने ते कावायचे. शेवटी एका दुपारी मी माझा जुना लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि गेम सुरू केला. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीच. मला करमत नव्हतं.

या गेमचं वेड मला बी.एड.ला हॉस्टेलमध्ये असताना लागलं. खोलीतल्या मैत्रिणीकडे कॉम्प्युटर होता आणि तिच्या भावाने दिलेल्या दोन-तीन सीड्या. मारामारीचे नाहीत, गोष्टीचे गेम. एक माणूस असतो, एक गाव असतं, काहीतरी हरवलेलं असतं किंवा पोचवायचं असतं. आपण त्या माणसाला चालवायचं, लोकांशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या, आणि कोणती वस्तू कुठे लावली की गोष्ट पुढे सरकते ते शोधायचं. गोष्टी फार सुंदर असतात. कोडी मात्र इतकी विचित्र असतात की ती करणाऱ्याला समोर उभं करून जाब विचारावासा वाटतो. दार उघडायला किल्ली लागत नाही, उंदीर लागतो. उंदराला पकडायला पिंजरा लागत नाही, गायकाचा मफलर लागतो. मी आजवर पंधरा-वीस गेम सुरू केले असतील, त्यातले चार पुरे झाले. बाकीच्यांतली माणसं कुठे कुठे दारात, जिन्यावर, तळघरात अडकून पडलीत. तरी मी नवा गेम घेतेच. शाळेतल्या मॅडम विचारतात, इतका ताप होतो तर खेळता काऊन? मला त्यांना नीट सांगता येत नाही. एवढंच खरं की त्या गोष्टीतली माणसं मी येईपर्यंत जागची हलत नाहीत. दोन महिने गेले तरी म्हातारी त्याच बाकावर बसलेली असते आणि मी परत आले की बोलायला लागते.

त्या दुपारी लावलेल्या गेममध्ये एक टपालवाली बाई होती. खोऱ्यात धरण झालंय, पाणी चढतंय, गाव रिकामं होतंय. तिच्या पिशवीत शेवटचं एक पत्र उरलंय, एका म्हाताऱ्याच्या नावाचं. तो कुठे राहतो ते कुणी सांगत नाही. पाणी यायच्या आत पत्र त्याच्या हातात द्यायचं.

मी आपल्या नादात खेळत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर बाबा मान वळवून पडद्याकडे बघत होते. झटक्यानंतर इतकं टक लावून त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मी इंग्रजी संवाद आपल्या बोलीत सांगायला लागले. “बाबा, हा न्हावी म्हणून राह्यला की मले म्हातारा माहीत नाही. पण खोटं बोलून राह्यला तो.”

“बरोबर,” बाबा म्हणाले. आणि ते खरंच बरोबर होतं.

तेव्हापासून रोज दुपारी आमचा तो कार्यक्रम झाला. बाबांचा डावा हात चालायचा, म्हणून स्टूल मी त्यांच्या डाव्या अंगाला ठेवायचे. ते बोटाने दाखवायचे, मी तिथे क्लिक करायचे. त्यांचं बोट धुराड्यावर जायचं, कुत्र्यावर जायचं, ढगावरही जायचं. काही उपयोग नसायचा, पण मी एकही टाळलं नाही. आई भाजी निवडत दारात बसायची आणि न पाहिल्यासारखं करून पाहायची.

मग बोकड आला. नदीवर लाकडी पूल होता आणि पुलाच्या मधोमध एक बोकड बसला होता. तो उठल्याशिवाय टपालवालीला पलीकडे जाता येत नव्हतं. बोकड कसा उठवायचा हे आमच्या घरात कुणाला शिकवायची गरज नव्हती.

“पाला दाखव त्याले,” आई म्हणाली.

पिशवीत पाला होता. मी दाखवला. टपालवाली म्हणाली, तसं नाही जमत.

“कान धरून ओढ.”

तसं नाही जमत.

“शेपूट पिरगाळ.”

तसं नाही जमत. काहीही चुकीचं केलं की ती बाई हेच एक वाक्य म्हणायची, आणि मी प्रत्येक वेळी बाबांना ते आपल्या भाषेत सांगायचे. पिशवीतल्या बावीस वस्तू मी बोकडावर लावून पाहिल्या. दोरी, शिट्टी, फुटका चष्मा, पाव. एकेक वस्तू दोन-दोनदा. आठ दिवस आम्ही त्या पुलावर होतो.

नवव्या दिवशी सकाळी आई बाबांना आंघोळीला उठवत होती. बाबा स्पष्ट म्हणाले, “तसं नाही जमत.”

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी शाळेला निघाले होते, दारातूनच परत फिरले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते आमच्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांनाही नवल वाटलं होतं.

त्या दिवसापासून ते वाक्य घरभर झालं. गोळ्यांना तसं नाही जमत, वरणाला तसं नाही जमत. त्यांच्याच शाळेतले एक जुने सर दर गुरुवारी भेटायला यायचे. ते म्हणाले, “सर, तुम्ही लवकर बरे होसान.” बाबा म्हणाले, “तसं नाही जमत.” सर हसावं की काय ते न कळून चहा प्यायला लागले.

आई माझ्यावर चिडली. “तुले दुसरं वाक्य नाही भेटलं का त्याहिले शिकवाले? देवाचं नाव घेतलं असतं तर तेच बोलले असते.” पण संध्याकाळी ती शेजारणीला सांगत होती की आता त्याहिले नाही म्हणता येते.

मला मात्र आता तो पूल ओलांडायचाच होता. बाबा रोज बोकडाकडे बोट करायचे. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर उत्तर शोधलं. बोकडाशी काही करायचंच नव्हतं. गावातल्या वाजंत्र्याच्या बुटाला मेणबत्ती घासायची. तो घसरतो, घसरला की त्याच्या गळ्यातली पेटी बेसूर वाजते, आणि तो आवाज ऐकून बोकड उठून जातो. हे कुणाला आपल्या मनाने कसं सुचावं?

उत्तर पाहिल्याची मला लाज वाटत होती. त्याला कारण होतं. मी लहान असताना नवं गणिताचं पुस्तक आणलं की बाबा त्याची उत्तरांची शेवटची पानं डिंकाने चिकटवून टाकायचे. उत्तर पाहून केलेलं गणित त्यांना केलेलं वाटायचंच नाही. तरी दुपारी मी मेणबत्ती घासली. वाजंत्री पडला, पेटी किंचाळली, बोकड उठला आणि डुलत निघून गेला. मी हसत वळले.

बाबा दुसरीकडे बघत होते. उजव्या हाताच्या भिंतीकडे, कॅलेंडरकडे.

“बाबा, पाहा ना. बोकड उठला.”

त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या डाव्या खांद्याला हात लावला तरी नाही. मी समजले. त्यांनी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हणाले, “चुकलं माझं. आता नाही पाहणार उत्तर.” ते कॅलेंडरकडेच बघत राहिले. पुढचं सगळं आपल्या हाताने करायचं, असं मी ठरवलं. पुढे होडी होती. त्यात कोडं नव्हतं, नुसती बोटांची कसरत. दोन बटणं आळीपाळीने एका लयीत दाबायची, धार वाढेल तशी लय वाढवायची. तीनदा चुकलं की होडी उलटते आणि आपण परत घाटावर. तिथे नावाडी तेच लांबलचक बोलणं पुन्हा बोलतो आणि ते थांबवता येत नाही. माझी बोटं तशी चालत नाहीत. मी रोज पंचवीस-तीसदा बुडायचे. नावाड्याचं बोलणं मला पाठ झालं. तीन आठवडे मी बाबांच्या डाव्या बाजूला बसून नदीत बुडत होते आणि ते माझ्याकडे पाठ करून पडले होते. बापाचा इतका राग मी कधी पाहिला नव्हता.

त्याच दिवसांत आई म्हणायला लागली की ते अर्धीच भाकर खातात. ताटातली अर्धी भाजी, अर्धा भात तसाच. तिला वाटलं भूक मेली. मला वाटलं राग.

मग एका गुरुवारी ते जुने सर आले आणि नेमके माझ्या जागी, डाव्या बाजूला बसले. पाऊण तास बोलले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरांचा चेहरा उतरला. ते उठले आणि पलंगाला वळसा घालून दाराकडे निघाले. ते उजव्या बाजूला आले तसे बाबांचे डोळे एकदम उजळले. डावा हात आडवा टाकून त्यांनी सरांचं मनगट धरलं आणि सोडेनात.

“बरोबर,” ते म्हणत राहिले. “बरोबर, बरोबर.”

सर तिथेच उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, “बाई, याहिले त्या बाजूचं दिसते का?”

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही बाबांना जालन्याला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर पेन धरलं. उजवीकडे नेलं की नजर पेनामागे जायची. डावीकडे नेलं की पेन जणू नाहीसं व्हायचं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, दुसरा लहान झटका येऊन गेलाय, मेंदूच्या दुसऱ्या बाजूला. डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच त्यांच्या लेखी आता उरलं नाही. तिकडचं माणूस नाही, तिकडची अर्धी भाकर नाही.

“कधीपासून होतंय?” त्यांनी विचारलं.

मला दिवस माहीत होता. बोकड उठला तो दिवस. मी तो सांगितला, पण बोकडाचं सांगितलं नाही.

“तेव्हाच आणलं असतं तर?” आईने विचारलं.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातले. “सांगता येत नाही,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी बाबांच्या उजव्या बाजूला बसले होते. ते माझ्याकडे बघत होते, रागाचा मागमूस नव्हता. तो कधी नव्हताच. तीन आठवडे मी त्यांची माफी मागत होते, आणि त्यांच्यासाठी मी तिथे नव्हतेच.

आता आई जेवण अर्ध्यावर आलं की त्यांचं ताट फिरवून देते. मी स्टूल पलंगाच्या दुसऱ्या अंगाला नेलं. तिकडून त्यांना बोट नीट करता येत नाही, हात आडवा आणावा लागतो आणि तो लवकर थकतो. होडी मला आजही जमलेली नाही. शेवटी मी कुणीतरी खेळून नेटवर टाकलेला त्या गेमचा व्हिडिओ लावला आणि उरलेली गोष्ट त्यांना सांगितली. टपालवाली पोचते तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगणात घोट्याएवढं पाणी आलेलं असतं. तो सही करतो, पत्र न उघडता खिशात ठेवतो, आणि दोघं टेकडी चढायला लागतात. तिथे गोष्ट संपते.

बाबांनी किती ऐकलं ते कळलं नाही. टेकडी अर्धी चढेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता.

आई दारातून म्हणाली, “चिठ्ठीत काय होतं मंग?”

“सांगतलं नाही.”

“काऊन?”

“मले नाही माहीत, आई.”

मग आत येऊन तिने बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली. आधी उजवीकडून, मग पलीकडे जाऊन डावीकडून.