वानरांसाठी आलेली बंदूक

दिवेआगरला मी उतरलो होतो, त्या घराला लागून एक वाडी होती. तिथे एक म्हातारा एकटाच राहायचा. वानरं शहाळी नासवतात म्हणून मुंबईच्या मुलाने त्याला छऱ्यांची हलकी बंदूक भेट पाठवली होती.

सकाळी, वादळात पडलेल्या माडाच्या बुंध्यावर करवंटी ठेवून तो नेम जुळवत बसे. छरा डावीकडे गेला की नळीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवी, बंदूक पुन्हा गालाला लावी आणि श्वास रोखी. शेवटी एकदा करवंटी फुटली, तेव्हा त्याने हसत घराकडे वळून पाहिलं. ओटीवर कोणीच नव्हतं. मीच दगडी गडग्यापलीकडून टाळ्या वाजवल्या.

इतक्यात माडांवर वानरांची टोळी आली. त्याने नेम धरला आणि बंदूक खाली घेतली.

"मारा ना, बाबा," मी म्हणालो.

"मारली तर परत येतील काय? वादळानंतर वाडीत दुसरं कोन येतंय?"

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"लई बेस हाय बंदूक," म्हातारा मोठ्याने सांगत होता. "आता एक वानर फिरकत न्हाय. शहाळी मस्त लागल्यात. तू कधी येतोस?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. तो नुसता "बरं, बरं," म्हणत राहिला.