सलामी न देता

नळदुर्गच्या महालिंगप्पा वस्तादांनी चाळीस वर्षं लाठी शिकवली. तालमीत त्यांचा नियम एकच, पण कडक: लाठी उगारण्याआधी वाकून मातीला हात लावायचा, समोरच्याला सलामी द्यायची. चुकला त्याला पन्नास बैठका.

नात शिवप्रियाची लाठी अशी फिरायची, की मिरवणुकीत लोक आपोआप मागं सरायचे. मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजात पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या कमलबाईंनी मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर घेतलं. "ओरडा, हात सोडवा आन् पळा," असं त्या शिकवतात हे कळल्यावर वस्ताद पोट धरून हसले होते.

"पळाया वस्ताद कशाला लागतोय गं? कुत्रं मागं लागलं की येतंय आपसूक!"

शिवप्रिया मात्र शिबिराला दोन दिवस जाऊन आली.

एका संध्याकाळी तालीम उरकून दोघं घरी निघाली. ती हायवे ओलांडून गेली आणि वस्ताद अलीकडंच अडकले. ट्रकची रांग संपेना. दोन ट्रकांच्या फटीतून त्यांना दिसलं, पलीकडच्या ढाब्यामागून एक माणूस येऊन तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. वस्ताद घाबरले नाहीत. पोरीच्या हातात लाठी होती.

"हाण!" ते ओरडले.

ट्रक गेला. पुन्हा फट. शिवप्रिया मातीला हात लावायला वाकली होती.

त्या माणसानं लाठीवर पाय दिला आणि तिचं मनगट धरलं. तेवढ्यात पुढचा ट्रक आडवा आला. एवढा लांब ट्रक वस्तादांनी जन्मात पाहिला नव्हता.

तो सरकला तेव्हा लाठी धुळीत पडली होती आणि शिवप्रिया गळा फाडून ओरडत ढाब्याकडं पळत होती. ढाब्यावरची माणसं उठली. तो माणूस तुरीच्या रानात घुसला.

"अंगठ्याच्या बाजूनं हिसडा दिला, अज्जा," वस्ताद रस्ता ओलांडून पोचले तशी ती धापा टाकत म्हणाली. "कमलबाईंनी शिकवलेला. लाठी तितंच राहिली. चुकलं माजं."

वस्तादांनी लाठी धुळीतून उचलली. घरापर्यंत ती त्यांनीच धरली.

सकाळी तालमीत त्यांनी तिचं मनगट सगळ्या ताकदीनं आवळलं. "सोडीव."

ती रिवाजानं मातीकडं वाकू लागली.

"वाकू नकोस!" ते खेकसले.

"अज्जा, लागंल तुमास्नी."

"लागू दे."

तिनं हिसडा दिला. वस्ताद अंगठा चोळू लागले.

"कमलबाईंना सांगावा धाड," ते म्हणाले. "म्हणावं, दुपारची तालीम रिकामीच असतीय."