हेल्मेटशिवायचा सराव
हेल्मेटातल्या घामाने ओल्या स्पंजाचा वास आला की इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं ते मैदान आठवतं. ऑफिसातला एक मित्र तिथे अमेरिकन फुटबॉल खेळायचा. आदल्या महिन्यात डोक्याला मार बसून तो घरचा पत्ताच विसरला होता, म्हणून त्या रविवारी सरावाला त्याची बायको आणि मी सोबत होतो. कोचने सगळ्यांना हेल्मेटं काढायला लावली. "ती असली की धडकताना तुम्ही डोकंच पुढे घालता," तो म्हणाला. "आमच्या पुण्यातही हेल्मेट न घालायला अशीच कारणं देतात," ती मला म्हणाली आणि नवऱ्याचं हेल्मेट मांडीवर घट्ट धरून बसली. शिट्टी वाजली. मित्राने डोकं बाजूला ठेवून खांद्याने धडक दिली आणि हसत उठला. तिने श्वास सोडला, मग विचारलं, "मॅचला हे परत घालणार, म्हणजे डोकं परत पुढे जाणार ना?"